दादा, तो गात नव्हता

शनिवार सकाळ, चहाचा दुसरा कप, आणि खाली जेल रोडवरून कुणाची तरी वरात चाललीये. बँड ओळखीचा आहे. मी शाळेत होतो तेव्हापासून हेच क्लॅरिनेटवाले काका, हाच लाल कोट, आणि नागीण डान्सची तीच धून. काकांचे केस आता पूर्ण पांढरे झालेत. वरची पट्टी आली की ते स्वतः थांबतात, शेजारच्या ट्रम्पेटवाल्या पोराला मानेनेच 'घे' म्हणतात, आणि खाली आलं की पुन्हा स्वतः सुरू. वरातीत कुणाला पत्ता लागत नाही. मला लागला, कारण गेले काही महिने माझ्या डोक्यात हाच विषय घोळतोय.

विषय असा: आपला लाडका बँड म्हातारा झाला, आणि त्याने आपल्यासमोर वाईट गायलं, तर आपण काय करायचं?

हसू नका. या प्रश्नावरून माझा मावसभाऊ माझ्याशी चार महिने बोलत नव्हता.

दादा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. पुण्याला इंजिनिअरिंगला होता, आणि सुट्टीत आमच्याकडे नाशिक रोडला यायचा तेव्हा सॅकमध्ये कपडे कमी आणि एक हार्ड डिस्क. त्यात फोल्डरवर फोल्डर. प्रत्येक बँडची पहिल्या अल्बमपासूनची गाणी, वर्षाप्रमाणे लावलेली. (कुठून आणली, हे विचारायचं नाही. हॉस्टेलच्या लॅनवर तेव्हा सगळं जग होतं.) १ फेब्रुवारी २००८ला आयर्न मेडनने आपली वर्ल्ड टूर चक्क मुंबईतून, बीकेसीच्या मैदानातून सुरू केली, तेव्हा दादा सबमिशन टाकून गेला होता. बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः पायलट, बँडचं विमान तोच चालवतो, हे मला दादाने आमच्या गच्चीवर हातवारे करून सांगितलं होतं. मी दहा-अकरा वर्षांचा. माझ्यासाठी त्या दिवसापासून रॉक म्हणजे विमान चालवत येणारा आणि उतरून गाणारा माणूस.

पण दादाचा खरा जीव दुसऱ्याच एका बँडवर. नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की सगळी चर्चा त्या बँडवर घसरणार, आणि मला बोलायचंय ते आपल्याबद्दल. एवढंच सांगतो की गायक साठी ओलांडलेला, मूळच्या मंडळींपैकी दोघंच उरलेले, आणि त्यांचं एक गाणं तुम्हीही कॉलेजच्या गॅदरिंगला बेसूर गायलेलं असणार.

तर काही काळापूर्वी हा बँड मुंबईत आला. तिकिटाची किंमत ऐकून आई म्हणाली, "एवढ्यात आपल्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं असतं." तरी दोन तिकिटं काढली. दादा पुण्याहून आला, मी सकाळी पंचवटीने गेलो. दादाच्या अंगात हॉस्टेलचा तोच काळा टी-शर्ट. पोटावर ताणलेला, पण तोच. दोन पोरं, फ्लॅटचा हप्ता, टीममधली कपात, सगळं घरी ठेवून आला होता बिचारा.

पहिलं गाणं सुरू झालं आणि अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या गाण्याला वाटलं साउंड सेट व्हायचाय. तिसऱ्यात वरच्या सुराची प्रत्येक ओळ गायकाने माइक आमच्याकडे करून आमच्याकडूनच गाऊन घेतली. ठीक आहे, चालतं. चौथ्या गाण्यात मात्र तो मोठ्या स्क्रीनवर दिसत होता, माइक छातीपाशी, तोंड मिटलेलं, आणि आवाज येतच होता! स्वच्छ, तरुण, पंचविशीतला आवाज. माझ्या कानांना ओळखीचा, कारण हार्ड डिस्कवरच्या फोल्डरमधला तोच होता तो.

मी दादाकडे पाहिलं. त्याचे डोळे मिटलेले, आणि गालावर पाणी.

परतीच्या ट्रेनमध्ये कसाऱ्याच्या आसपास मी आमच्या भावंडांच्या ग्रुपवर लिहिलं, "दादा, तो गात नव्हता. टेप लावली होती. पैसे पाण्यात." त्याच्या पाच मिनिटं आधी दादाने फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, आयुष्यातला सर्वांत भारी दिवस. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर आलं नाही. थेट दिवाळीपर्यंत.

आता थोडं इंजिनिअरगिरी करतो, चालवून घ्या.

मोठ्या शोमध्ये प्रत्येक वादकाच्या कानात एक यंत्र असतं, त्यात टिक-टिक असा ठेका वाजत असतो. त्या टिक-टिकला दिवे, मागचे व्हिडिओ, आगीचे फवारे सगळं बांधलेलं. म्हणजे गाण्याचा वेग आधीच ठरलेला. कुणाला वाटलं, आज पब्लिक रंगलंय, दोन आवर्तनं जास्त घेऊ, तर मागचा व्हिडिओ पुढे निघून जाईल. आणि एकदा सगळं टाइमलाइनवर बसलं की तिथे आणखी एक ट्रॅक जोडणं फार सोपं असतं. आधी कीबोर्डचा, मग कोरसचा, मग हळूच मुख्य आवाजाला 'आधार' म्हणून एक. कोड लिहिणाऱ्यांना हे कळेल. तात्पुरता पॅच म्हणून टाकतो आणि दहा वर्षांनी अख्खी सिस्टीम त्या पॅचवरच उभी असते.

बँडकडे दुसरा मार्ग नसतो का? असतो की. पट्टी उतरवा! मेटॅलिका कित्येक वर्षं स्टेजवर गिटार अर्ध्या सुराने उतरवून वाजवते आणि त्यांच्या पब्लिकचं काही बिघडलेलं नाही. वयाप्रमाणे स्वरतंतू ताठर होतात, दम कमी होतो, हे काही गुपित नाही. पण रॉकवाल्यांची गोची अशी की त्यांचं गाणं पंचविसाव्या वर्षी रेकॉर्ड झालं आणि तिथेच गोठलं. आपण फॅन ते हजार वेळा ऐकतो. मग साठीतला माणूस समोर येतो तेव्हा त्याची स्पर्धा असते ती त्याच्याच पोरवयाशी, आणि पंच आपण! त्याने पट्टी उतरवली तर आपणच म्हणणार, मजा नाही आली. टेप त्याने लावली हे खरं, पण लावायला भाग थोडं आपणही पाडलंय.

आपल्याकडे ख्यालगायकाला ही सोय जन्मापासून आहे. तानपुरा लागतो तो गायकाच्या आवाजाला, गायक तानपुऱ्याला नव्हे. वय झालं, पट्टी खाली आली, तान कमी झाली, तरी राग तोच राहतो. पंडित भीमसेन जोशी २००७च्या सवाई गंधर्व महोत्सवात गायले तेव्हा ८५ वर्षांचे होते, तब्येत खालावलेली. १९५३ साली हा महोत्सव ज्यांनी सुरू केला ते स्वतः, आणि तिथलं त्यांचं ते शेवटचं गाणं. त्याचं रेकॉर्डिंग ऐका. जुनी बिजली नाही त्यात, अजिबात नाही. पण जे आहे ते त्या क्षणी, त्या गळ्यातून आलेलं आहे. माझ्यासारख्या रागदारीतलं ओ की ठो न कळणाऱ्या माणसालासुद्धा ऐकताना फसवल्यासारखं वाटलं नाही. कुणी माझ्यासमोर जे करत होतं ते खरंच करत होतं, एवढंच मागणं असतं हो!

मग म्हणाल, हा फरक शास्त्रीय आणि रॉक असा आहे. नाही. फिल कॉलिन्सने मार्च २०२२मध्ये लंडनला जेनेसिसचा शेवटचा शो खुर्चीत बसून केला. एकेकाळचा जबरदस्त ड्रमर, पण आता त्याला ड्रम वाजवणं शक्य नव्हतं, तर मागे ड्रमवर त्याचा मुलगा. ऑझी ऑस्बॉर्न तर बघा. ५ जुलै २०२५ला बर्मिंगहॅममध्ये, स्वतःच्या गावात, काळ्या सिंहासनावर बसून गायला, ब्लॅक सॅबथचे मूळचे चौघे एकत्र. पार्किन्सन्सने चालणं बंद, आवाज मध्येच थरथरतो, उठायचा प्रयत्न करतो आणि जमत नाही. सतरा दिवसांनी, २२ जुलैला तो गेला. त्या शोला कुणी म्हणेल का, पैसे पाण्यात? आणि जॉन बॉन जोवी. २०२२मध्ये स्वरतंतूंचं ऑपरेशन झाल्यावर त्याने उघड सांगितलं की पूर्वीसारखं गाता येत नाही तोवर टूर नाही. मला आधी त्याची गाणी जरा गोडगोड वाटायची, पण या एका गोष्टीसाठी माणसाला सलाम.

आणि गन्स अँड रोझेस. डिसेंबर २०१२मध्ये मुंबईत आले तेव्हा स्लॅश नव्हता, डफ नव्हता. जुन्या नावांत अ‍ॅक्सल रोझ आणि कीबोर्डवरचा डिझी रीड. तरी लोक गेले. मे २०२५मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर आले तेव्हा स्लॅश-डफसकट, आणि त्या टूरचं इंग्रजी नाव मराठीत सांगायचं तर असं, 'कारण तुम्हाला जे हवं असतं आणि जे मिळतं त्या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत'. म्हणजे तिकिटावरच डिस्क्लेमर! आमच्या कंपनीच्या लीगल टीमलासुद्धा एवढं स्वच्छ लिहिता येणार नाही :)

बरं, फॅनने मारामारी करावी असंही माझं म्हणणं नाही. १९९२मध्ये माँट्रियालला मेटॅलिकाचा जेम्स हेटफिल्ड आगीच्या फवाऱ्याने भाजला, त्यांचा शो अर्धवट थांबला, मागून गन्स अँड रोझेस आले आणि तेही लवकर उतरले, तर शहरात दंगल पेटली. आपल्याकडे ऑक्टोबर २०११मध्ये गुडगावला मेटॅलिकाचा शो ऐनवेळी रद्द झाला तेव्हा पब्लिकने स्टेजवर चढून नासधूस केली. ते प्रेम नव्हे, ती वसुली.

माझा राग दुसऱ्या टोकावर आहे. शो संपायच्या आत 'लेजंड', 'गूजबम्प्स', 'एपिक' टाकून मोकळं होणाऱ्यांवर. एवढे पैसे घातलेत, एवढा प्रवास केलाय, आता वाईट होतं म्हणायचं तर आपणच मूर्ख ठरतो ना! मग सगळ्यांनी मिळून ठरवायचं की भारी होतं. बँडला काय कळणार? त्यांच्यापर्यंत पोचते ती फक्त आरोळी. पुढच्या गावात तीच टेप लागणार. टेस्टिंगवाल्याने प्रेमापोटी बग रिपोर्ट न करण्यासारखं आहे हे. माझ्या मते निष्ठा आणि खोटं सर्टिफिकेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला खरंच प्रेम आहे त्यानेच सांगायला हवं, की बाबा, आज नाही जमलं. बाकीचे पुढच्या वर्षी येणारच नाहीत.

हे सगळं मी दिवाळीच्या आधी मनात पाठ करून ठेवलं होतं. दादा भाऊबीजेला नाशिक रोडला येणार होता आणि मला वाद जिंकायचा होता.

रात्री गच्चीवर गेलो. (वॉटरप्रूफिंग अजून झालेलं नाही.) खाली स्टेशनाकडून गाड्यांच्या घोषणा ऐकू येत होत्या. मी सुरू केलं, टाइमलाइन, ट्रॅक, भीमसेन, सगळं. दादाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला,

"तुला काय वाटलं, मला ऐकू येत नाही? माइक खाली होता आणि आवाज चालू होता, मलाही दिसलं. तुझ्या आधी दिसलं. दुसऱ्या गाण्याला."

"मग रडत का होतास?"

"म्हणूनच."

यावर माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं.

मग त्याने पणजोबांची गोष्ट काढली. आमचे पणजोबा, आईचे आजोबा, बालगंधर्वांचे भक्त. भक्त म्हणजे नुसते चाहते नव्हेत. घरात त्यांचा फोटो देवांच्या फोटोंच्या ओळीत. १९११च्या 'मानापमान'मधली भामिनी, १९१६च्या 'स्वयंवर'मधली रुक्मिणी, १९१९च्या 'एकच प्याला'मधली सिंधू. त्या काळातलं महाराष्ट्राचं वेड. एकेका पदाला वन्स मोअरवर वन्स मोअर, आणि नाटक पहाटेपर्यंत. पणजोबांना तो बहर स्वतः बघायला मिळाला नाही, त्यांनी तो वडीलमाणसांकडून ऐकलेला आणि रेकॉर्डवर ऐकलेला. ते थिएटरात पोचले तेव्हा बालगंधर्वांची पन्नाशी उलटलेली, अंगाने सुटलेले, बोलपट येऊन नाटक कंपन्यांची रया गेलेली, आणि समोर साडीत सिंधू.

आईने ही गोष्ट आम्हा सगळ्यांना सांगितलेली आहे. मी तिचा शेवट विसरलो होतो, दादा विसरला नव्हता. नाटकाहून परत आल्यावर घरच्यांनी विचारलं, कसं झालं? पणजोबा म्हणाले, "वय झालं." मग हातपाय धुतले, जेवले, आणि पुढच्या खेळाची चौकशी करायला गेले.

"बघ," दादा म्हणाला. "वय झालं, म्हणाले. पैसे पाण्यात, नाही म्हणाले."

मी म्हटलं, पण दादा, बालगंधर्व स्वतः गात होते. मागे तबकडी वाजत नव्हती. पणजोबांना 'वय झालं' म्हणता आलं, कारण समोर खरोखर वय झालेला माणूस होता. आपल्याला तर त्याने वय दाखवलंच नाही. साठीतल्या माणसाने साठीचा आवाज लावला असता, फाटला असता, चिरकला असता, तरी मी तुझ्याबरोबर रडलो असतो. मला तो म्हातारा बघायचा होता आणि मला फोल्डर ऐकवलं.

दादा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "हे बरोबर आहे तुझं." आणि थोड्या वेळाने, "पण ग्रुपवर नव्हतं लिहायचं. तिथे माझी पोरं आहेत. मी त्यांना सांगितलं होतं, बाबा कुणाला बघायला चाललाय ते."

हे मात्र मला खरंच सुचलं नव्हतं. त्याचा मोठा मुलगा आता तेवढाच आहे, जेवढा मी हातवाऱ्यांतलं विमान बघताना होतो.

मतावरून मी मागे हटलेलो नाही. टेप ती टेप. ज्याच्यावर प्रेम आहे त्याचं वाईट झालेलं वाईटच म्हणायचं, हेही मला मान्य आहे. पण कुणाला, कधी, आणि कुठल्या स्टेशनावर, याचा विचार मी केला नव्हता. कसाऱ्याला रेंज होती हा माझा दोष.

गेल्या आठवड्यात दादाचा मेसेज आला. ग्रुपवर नाही, मला एकट्याला. आणखी एक म्हातारा बँड भारतात येतोय अशी कुणकुण आहे, वेगळा, पण त्याच पिढीतला. तीन तिकिटं काढू का, त्याने विचारलं. तिसरं मोठ्या मुलासाठी.

मी लिहिलं, काढ, पण वाईट झालं तर मी वाईटच म्हणणार.

उत्तर आलं, "म्हण. पण मला म्हण, आणि इगतपुरी गेल्यावर."

खाली वरात बिटको चौकाकडे वळलीये वाटतं, आवाज कमी झालाय. ट्रम्पेट अजून ऐकू येतंय. चहा गार झाला, ठेवतो.